डिझेलचं वंगण वाढवायला नक्की काय टाकायचं? अॅडिटिव्ह, बायोडिझेल की टू-टी ऑइल

बाटली विकत घ्यायच्या आधी आपल्या इंजिनाला डिझेल फवारणारा (इंजेक्शन) पंप कुठला आहे ते बघा, कारण जुन्या इनलाइन पंपाच्या कॅमला बहुतेक वेळा इंजिन ऑइल मिळतं पण रोटरी पंप आणि नव्या गाड्यांतल्या कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप यांचं वंगण म्हणजे डिझेलच, डिझेल कोरडं म्हणजे वंगण कमी असलेलं असलं की पहिले हेच झिजणार.

आणि डिझेल कोरडं सल्फर गेल्यामुळे होतं असं सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. रिफायनरीत हायड्रोजन वापरून सल्फर काढतात तेव्हा त्याच्याबरोबर ऑक्सिजन-नायट्रोजनवाले पदार्थ पण जातात, आणि धातूला चिकटून थर धरायचे ते हेच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये असं डिझेल आलं आणि पंप खराब व्हायला लागले. तेव्हापासून कंपन्या विकायच्या आधीच त्यात लुब्रिसिटी (वंगण वाढवणारं) अॅडिटिव्ह टाकतात. टेस्टला एचएफआरआर म्हणतात, ६० डिग्रीच्या डिझेलमध्ये स्टीलचा छोटा बॉल ७५ मिनिटं घासायचा आणि पडलेला डाग मोजायचा, युरोपात ४६० मायक्रॉनपर्यंत चालतो, अमेरिकेत ५२०, डाग जितका लहान तितकं चांगलं. म्हणजे स्टँडर्डचं डिझेल भरत असाल आणि गाडी नवीन असेल तर वरून काही टाकू नका, खरंच गरज नाही.

पण पंप जुना रोटरी आहे किंवा डिझेलची खात्री नाही, मग?

माझं मत सरळ एस्टरवाल्या अॅडिटिव्हला. फॅटी अॅसिडवालं पण काम करतं आणि स्वस्तही पडतं, फक्त डिझेलमध्ये कुठून इंजिन ऑइल मिसळलं तर त्यातल्या कॅल्शियमशी जुळून साबणासारखा चिकट गाळ होतो आणि फिल्टर चोक होतो, एस्टरला हा त्रास नाही. डोस बाटलीवर लिहिलाय तेवढाच, एकदा धातूवर थर बसला की जास्त ओतून काही वाढत नाही.

बायोडिझेल (वनस्पती तेल किंवा चरबीपासून केलेलं) मात्र कमाल आहे, १-२ टक्के मिसळलं तरी डाग बराच लहान होतो. रोज चालणाऱ्या गाडीला मस्त, पण जनरेटर किंवा महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या मशीनला मी नाही टाकणार, ते पाणी धरतं, जुनं झालं की आंबट होतं, टाकीत शेवाळासारखी घाण वाढते.

टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) बरेच जण १:२०० ने टाकतात. जुन्या गाडीत ठीक आहे म्हणू, पण ते या कामासाठी बनलेलंच नाही आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर बिलकुल नको, राख फिल्टरमध्ये साठते ती जळून जात नाही.

वापरलेलं इंजिन ऑइल तर कुठल्याच गाडीत नको, त्यात धातूचा चुरा असतो. केरोसिन मिसळलं तर वंगण उलट कमी होतं. आणि बाटलीवर नुसतं सीटेन बूस्टर (डिझेल लवकर पेटायला मदत करणारं) लिहिलेलं असेल तर त्याचा वंगणाशी संबंध नाही, अल्कोहोलवालं पाणी काढायचं औषध असेल तर ते वंगण अजून बिघडवू शकतं, म्हणून लेबल वाचूनच घ्या.