ओपनडब्ल्यूआरटीचं एसक्यूएम: अपलोड चालू असताना आईंचा क्लास तुटायचा, आता तुटत नाही

मी मिरजेत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. माझ्या सासूबाई गाणं शिकवतात; मी त्यांना आईच म्हणते. त्यांची एक शिष्या कॅलिफोर्नियात आहे, तिचा क्लास ऑनलाइन असतो. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, म्हणून आमच्या घरात ऊन वर येता येता यमन सुरू होतो.

मी रात्रभर एडिट करून पहाटे फायली क्लाउडवर चढवायला लावते. एका लग्नाचं फोरके फुटेज सहज ४० जीबी होतं. अपलोड सुरू असलं की क्लासची वाट लागायची. आई ‘नि रे ग’ म्हणायच्या, पलीकडे ‘नि’ पोचायचा, मग शांतता, आणि ‘रे ग’ एकदम येऊन आदळायचे. गंधारावर किती थांबायचं हे शिकवायचं होतं, आणि नेमकं तेच पोचत नव्हतं. आई मला काही बोलल्या नाहीत, पण क्लास संपल्यावर तानपुऱ्यावर गवसणी घालताना त्यांचा चेहरा उतरलेला दिसायचा. ते मला लागलं.

कनेक्शन ३० एमबीपीएसचं, अपलोड-डाउनलोड सारखंच. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली आणि ‘मॅडम, स्पीड तर फुल्ल आहे’ म्हणाला. स्पीड फुल्ल होताच, तक्रार त्याची नव्हतीच. वर १०० चा प्लॅन घ्या असा सल्ला देऊन गेला.

मग मी स्वतः मोजायला बसले. लॅपटॉप केबलने जोडला, ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग लावून ठेवला, म्हणजे छोटासा निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दिसत राहतं. घरात कोणी काही करत नसताना १८ मिलिसेकंद. अपलोड सुरू केलं आणि आकडे चढायला लागले: ९०, २७०, ४८०, ६४०. अपलोड थांबवलं की दोन-तीन सेकंदांत पुन्हा १८. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. लाइन खराब असती तर ती माझ्या अपलोडची वेळ बघून खराब झाली नसती.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या सॉफ्टवेअर इंजिनिअरने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या इंटरनेटवरच हे पकडलं आणि हे नाव रूढ केलं. अपलोड करणारा कॉम्प्युटर माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, पाठवतो आणि एखादं हरवेपर्यंत वेग वाढवत जातो. वाटेतल्या राऊटरमध्ये साठवण मोठी असेल तर पॅकेट हरवत नाही, नुसतं रांगेत उभं राहतं. ३० एमबीपीएसवर ६४० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अडीच एमबीची रांग. आईंच्या आवाजाचं एवढंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला. पंढरपुरात पदस्पर्शाची आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते म्हणून घाई असलेल्याला लांबून कळसाला हात जोडून परत जावं लागत नाही. आमच्या राऊटरमध्ये सगळ्यांना एकच बारी होती.

ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरवर घालायचं मोफत सॉफ्टवेअर आहे, २००४ पासून चालत आलेलं. त्यात एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे रांगेची शहाणी व्यवस्था) नावाचं पॅकेज मिळतं आणि आतलं खरं काम ‘केक’ करतं. केक प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग लावतं, कुठलीही रांग काही मिलिसेकंदांपलीकडे तुंबू देत नाही, आणि तुंबायला लागली तर पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला सावध करतं. हे सगळं लोकांनी वर्षानुवर्षं खपून केलं आणि वाटून टाकलं. त्यातले डेव्ह टाट २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. मी त्यांना कधी भेटले नाही, पण आईंचा क्लास नीट चालतो तेव्हा त्यांची आठवण येते.

मी वापरला तो जुना, सेकंडहँड राऊटर: एमटी७६२१ चिप, १२८ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश. फर्मवेअर, म्हणजे हे नवं सॉफ्टवेअर, घालायच्या आधी राऊटरच्या पोटाखालचं स्टिकर उलटून मॉडेलबरोबर व्हर्जनही वाचा. नाव एकच असलं तरी व्हर्जननुसार आतली चिप बदलते, आणि चुकीची फाइल घातली तर राऊटर उठत नाही. माझा अर्धा रविवार यातच गेला. नंतर वायफाय बंदच होतं, तेही हाताने चालू करावं लागलं. एसक्यूएम आयतं येत नाही, राऊटरच्या सेटिंगमधल्या सॉफ्टवेअरच्या पानावरून ‘लुसी-ॲप-एसक्यूएम’ घ्यावं लागतं. सगळी माहिती इंग्रजीत आहे आणि ती लिहिणाऱ्यांनी वाचणाऱ्याला बरंच काही येतं असं धरलंय. हा मोठा दोष मानते मी.

सेटिंग मात्र पाच मिनिटांचं. आमचं कनेक्शन पीपीपीओईचं आहे, म्हणजे युजरनेम-पासवर्ड घालून जोडायचं, म्हणून इंटरफेस ‘पीपीपीओई-वॅन’. वेग किलोबिटमध्ये लिहायचा: २७ नाही, २७०००. मोजून आलेल्या वेगापेक्षा दहाएक टक्के कमी ठेवायचा, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राऊटरमध्ये लागते, आणि तिथे केक बसलेलं असतं. स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’, ओव्हरहेड, म्हणजे प्रत्येक पॅकेटमागे धरायचे जादा बाइट, ४४. हार्डवेअर ऑफलोडिंग (प्रोसेसरला टाळून पॅकेट परस्पर पुढे ढकलायची सोय) चालू असेल तर बंद करा, नाहीतर पॅकेट केकला वळसा घालून निघून जातात आणि काहीच फरक दिसत नाही.

पुन्हा पिंग लावला, पुन्हा ४० जीबी चढवायला घेतले. १९, २१, २०, २४. मी खुर्चीतून उठले नाही, दहा मिनिटं नुसती आकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी क्लास चालू असताना अपलोड मुद्दाम चालू ठेवलं. ‘नि रे ग’ गेलं आणि तसंच्या तसं परत आलं. अमेरिका लांब आहे, तेवढा उशीर लागतोच, पण आता तो एकसारखा असतो, आणि एकसारख्या उशिराची आईंना सवय आहे. क्लासनंतर त्या म्हणाल्या, “अगं, आज तुझं काम नव्हतं वाटतं?” मी त्यांना खोलीत नेऊन पडद्यावर सरकणारा आकडा दाखवला.

किंमत मोजावी लागली ती वेगात. तीन तासांत चढणाऱ्या ४० जीबीला आता सव्वातीन तासांच्या वर लागतं. मला हा सौदा शंभर टक्के मान्य आहे.

रात्री नऊ-दहाला कंपनीची लाइनच मंदावते, २७ मिळतच नाहीत, तेव्हा रांग पुन्हा पलीकडे लागते आणि केकचं काही चालत नाही. त्या वेळी कोणाचा क्लास असेल तर आकडा आणखी उतरवावा लागेल. वायफायचं सिग्नल अडखळत असेल तर त्यावरही हा इलाज नाही; आईंच्या लॅपटॉपला मी केबलच ओढली. आणि ३००-५०० एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर माझ्यासारखा जुना राऊटर घेऊ नका. केकचं सगळं काम राऊटरच्या प्रोसेसरवर पडतं, त्याची दमछाक होईल.

सगळं जमलं की राऊटरच्या बॅकअपच्या पानावरून सेटिंगची फाइल उतरवून घ्या. मी ती पेन ड्राइव्हवर घालून राऊटरच्याच बाजूला चिकटवून ठेवली आहे.