जुन्या अॅक्टिव्हासाठी पर्यायी ड्राइव्ह बेल्ट : घरी बसवून पाहिल्यावर

पहिल्या पिढीतल्या १०२ सीसी अॅक्टिव्हासाठी स्पेअर पार्टच्या दुकानातून घेतलेला हा पर्यायी ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा पट्टा, लांबीरुंदीला मूळ बेल्टशी नीट जुळला. कडा जरा खडबडीत असल्याने सुरुवातीला संथ वेगात हलकी थरथर जाणवली, ती पुढे ओसरली. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण स्पष्ट छापलेला आहे, पण खोक्यात सूचनांचा साधा चिटोराही नाही, आणि घरी काम करणाऱ्याला नेमकी त्याचीच गरज असते.

खरी कसोटी पुढच्या पुलीपाशी लागते. पुली म्हणजे दोन चकत्यांची कप्पी, तिच्यात बेल्ट फिरतो. मागच्या पुलीच्या चकत्या फाकवून बेल्ट त्यांच्यात खोल दाबला तरच पुढे पुरेशी ढील मिळते. ढील नसताना पुढच्या पुलीचा नट आवळला, तर बेल्ट चकत्यांमध्ये चिमटतो, नट घट्ट बसल्याचा भास होतो आणि गाडी चालू लागल्यावर तो सैल पडतो. नट सोडवताना-आवळताना पुली धरून ठेवणारा होल्डर आधी आणावा. स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवल्यास पुलीवरच्या पंख्याची पाती तुटू शकतात. चकत्यांना ग्रीसचा हातही लागू देऊ नये.

गाडीच्या उठावात (पिकअपमध्ये) आलेला फरक पाहता किंमत वाजवी वाटते. रोज घाट चढणाऱ्यांनी मात्र कंपनीचाच बेल्ट घ्यावा.