१४ इंची बँडसॉ, आठ महिन्यांनंतर: आधी पट्टा, मग फेन्स

खानापुरात आमचं देव्हारे आणि पाट करायचं छोटं वर्कशॉप आहे. आप्पा होते तोवर जाड लाकूड चिरायचं म्हटलं की टेम्पोत घालून सॉ मिलला न्यायचं आणि पाळी येईपर्यंत तिथंच बसायचं. मी काम हातात घेतल्यावर १४ इंची बँडसॉ घेतला, म्हणजे वर-खाली दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्यानं लाकूड कापणारं मशीन. दीड हॉर्सपॉवर, सिंगल फेज, वाहतुकीसकट ६८ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते या मापाच्या बहुतेक मशीनना लागू पडेल.

मशीन दणकट आहे. टेबल बिडाचं, चाकं बिडाची, आवाज कमी. पण बसवून द्यायला आलेल्या माणसानं वीस मिनिटांत सगळं उरकलं. चालू करून दाखवलं, एक रीप कापली, सही घेतली आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी सहा इंच रुंद फणसाची फळी उभी धरून चिरायला घेतली. वरच्या कडेला ८ मिलिमीटर, खालच्या कडेला ५, आणि मधे पोट सुटलेलं. आप्पांनी माळ्यावर वाळत ठेवलेलं ते लाकूड. अशा तीन फळ्या वाया गेल्यावर मी मशीन बंद केलं आणि त्या दिवशी पुन्हा हात लावला नाही.

पुढचे पंधरा दिवस मी फेन्सशीच, म्हणजे फळी टेकवून पुढे सरकवायच्या टेबलावरच्या पट्टीशीच, झटत होते. फळीवर रेघ मारायची, नुसत्या हातानं रेघेवर कापत जायचं, मधेच थांबून फळी किती तिरकी झालीय ते बघायचं आणि फेन्स तेवढाच तिरका करायचा. यानं काम भागतं, पण पट्टा बदलला की तो कोनही बदलतो.

शेवटी सॉ मिलमधल्या मामांना बोलावलं. त्यांचा जन्म पट्ट्यांना धार लावण्यात गेलाय. त्यांनी आधी प्लग काढला, वरचं दार उघडलं आणि चाक हातानं फिरवलं. म्हणाले, ‘‘पोरी, फेन्सलाच काय धरून बसलीस? पट्टा चाकावर कुठनं पळायलाय ते बघितलीस काय?’’ पट्टा चाकाच्या पुढच्या कडेला आला होता. चाकावरचा रबर मधे किंचित फुगीर असतो, त्यामुळे पट्टा कडेला गेला की त्याचं तोंडच थोडं वळतं. मामांनी सगळे गाइड (पट्ट्याला बाजूनं आणि मागून आधार देणारे भाग) मागे ओढले, पट्ट्याला ताण दिला आणि वरच्या चाकाचा कल देणारा स्क्रू थोडा थोडा फिरवत दात्यांमधल्या खाचा बरोबर चाकाच्या मध्यावर आणल्या. त्यानंतर फेन्स टेबलावरच्या खाचेला समांतर ठेवला, तरी फळी सरळ जाते.

मग गाइड. मामांनी खिशातल्या विडीच्या बंडलाचा पातळ कागद फाडला, पट्टा आणि गाइड यांच्यामधे धरला आणि कागद जेमतेम सरकेल इतकीच फट ठेवली. बाजूचे गाइड खाचांच्या मागेच राहिले पाहिजेत, नाहीतर दात्यांचा फाकवा, म्हणजे दाते दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात तो बाक, जातो. मागचं बेअरिंग पट्टा मोकळा फिरताना स्थिर राहावं आणि लाकूड रेटलं की फिरायला लागावं. टेबलाला गुण्या लावला. वर खात्री म्हणून एका ठोकळ्यात थोडा काप घेतला, ठोकळा उलटा केला आणि तोच काप पट्ट्याच्या पाठीवर सरकवला. अडखळला नाही, म्हणजे काटकोन बरोबर.

ताणाच्या पट्टीवरच्या खुणांवर मी विसंबत नाही. गाइड सहा इंच वर उचलायचा आणि पट्टा बोटानं बाजूला दाबायचा. पाव इंचाच्या आसपास दबला तर ठीक.

मशीनसोबत आलेला पट्टा पाव इंची, बारीक दात्यांचा. मखराच्या कमानीला तो उत्तम, पण सहा इंच जाडीत भुसा खाचांत कोंबला जातो आणि पट्टा वाट सोडतो. पोट सुटायचं ते यामुळेच. बेळगावला उद्यमबागेत रोलमधून कापून जोडून देणाऱ्या एका छोट्या दुकानातून अर्धा इंची, इंचाला तीन दात्यांचा पट्टा करून आणला. त्याचा जोड पाठीकडून जरा पुढे-मागे होता, दर फेऱ्याला बेअरिंगवर टिक्‌ वाजायचं. परत नेला तर त्यांनी तो तोडून, पुन्हा जोडून, घासून दिला; जादा पैसे घेतले नाहीत. पट्टा हातात घेतला की जोडावरून नख फिरवून बघाच. माहितीपत्रकात पाऊण इंची पट्टा चालतो असं लिहिलंय. माझ्या मशीनची स्प्रिंग त्याला पुरेसा ताण देत नाही.

आता त्याच फणसाच्या ४ मिलिमीटरच्या फळ्या निघतात. व्हर्निअर लावला तर दोन्ही कडांत पाव मिलिमीटरचा फरक, जो रंध्याच्या दोन हातांत जातो. त्या दिवशी मी मामांना फोन करून तेवढंच सांगितलं.

तक्रारी आहेत. फेन्स फक्त पुढून आवळतो, उंच फळी टेकवली की मागचं टोक हलतं. तिथं मी क्लॅम्प लावते. रबरावर भुसा आणि चीक चिकटतो, खालच्या चाकाला ब्रश लावलेला नाही. आमच्याकडच्या पावसात बिडाचं टेबल एका रात्रीत तांबडं होतं, म्हणून जूनपासून दर शनिवारी मेण घासते. आणि रोज संध्याकाळी पट्ट्याचा ताण सैल करायचा. सहा इंचांपेक्षा रुंद लाकूड गाइडखालून जात नाही, ते अजूनही टेम्पोत घालून सॉ मिललाच न्यावं लागतं.