फिल्मवर आकाश: ताऱ्यांच्या रेघा घ्याव्यात की ताऱ्यांचा माग काढावा?

घरच्या कपाटातून पेंटॅक्स के-१००० नाहीतर निकॉन एफएम-२ निघतो, रोल अजून मिळतात हे कळतं आणि लगेच प्रश्न येतो, ‘कुठला रोल घालू?’ रोलचं नंतर बघू की. आधी ठरवा, कॅमेरा तिपाईवर गप्प उभा ठेवून ताऱ्यांच्या रेघा घ्यायच्या, की कॅमेरा आकाशाबरोबर फिरवून तारे ठिपक्यांसारखे टिपायचे. दोन्हींचा खर्च वेगळा, जागा वेगळी आणि आपल्या बेळगाव भागात कॅमेऱ्याची दिशासुद्धा वेगळी.

डिजिटल की फिल्म या वादात मी पडत नाही. अंधुक तपशील हवा, निकाल लगेच हवा, तर डिजिटलच घ्या. इथून पुढचं लिहिलंय ते फिल्मच वापरायची असं ठरवलेल्यांसाठी.

कॅमेऱ्याला एकच अट: ‘बी’वर, म्हणजे हवा तेवढा वेळ, शटर उघडं ठेवायला बॅटरी लागता कामा नये. वरचे दोन्ही चालतात, ऑलिंपस ओएम-१ चालतो. कॅनन एई-१ देखणा आहे, पण शटर उघडं असेतोवर बॅटरी खात बसतो. सोबत केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार, घ्या; ती लॉक होणारी हवी.

रेघा

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तासभर शटर उघडं ठेवलं की प्रत्येक तारा तेवढाच कंस काढतो. २८ मिमीची लेन्स, तिचं तोंड (अ‍ॅपर्चर) एफ/४ किंवा ५.६, आयएसओ २०० चा रंगीत निगेटिव्ह रोल, फोकस अनंतावर. एवढ्यावर काम होतं.

जास्त वेळ दिला की तारे जास्त उजळ येतील असं नवख्याला वाटतं. तसं होत नाही. तारा सरकत असल्यामुळे फिल्मच्या एका जागी तो जेमतेम काही सेकंद असतो. रेघेची चमक ठरते अ‍ॅपर्चरवर, वेळेनं वाढते ती फक्त लांबी. मागचं आकाश मात्र त्याच जागी तासभर साचत राहतं आणि इथं फिल्मचा एक दोष कामाला येतो. प्रकाश फार मंद असला की फिल्मची संवेदनक्षमता वेळेगणिक घटत जाते, याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. त्यामुळे हिशेबानं आकाश जेवढं पांढरट व्हायला हवं तेवढं होत नाही, आणि काही सेकंदांतच उमटणाऱ्या रेघांना त्याची फारशी झळ बसत नाही. माग काढणारे ज्याच्या नावानं बोटं मोडतात, तेच रेघावाल्याच्या पथ्यावर पडतं.

बेळगावचा अक्षांश १६ अंशांच्या जरासा आत, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. लडाखच्या फोटोंत दिसतात तशी ध्रुवाभोवतीची मोठी अख्खी वर्तुळं इथं मिळायची नाहीत, खालचा भाग डोंगराआड जातो. म्हणून उत्तरेचा हट्ट नको. पश्चिमेला तोंड करा. आपल्याकडे तारे जवळजवळ उभेच मावळतात. २८ मिमीच्या चौकटीत मधल्या रेघा सरळ येतात, उजवीकडच्या उत्तरेला वळतात, डावीकडच्या दक्षिणेला. हे चित्र लडाखवाल्याला एवढं सहज मिळत नाही.

जागेचंही रेघांना फार वावडं नाही. येळ्ळूरचा राजहंसगड शहराच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे बेळगावचा उजेड पाठीशी टाकून दक्षिण-पश्चिमेला कॅमेरा लावता येतो. एवढ्या जवळ एफ/८ वर अर्धा तास पुरे.

माग

यासाठी लागते ती दोन फळ्यांची जोडी. १९७० च्या दशकात जी. वाय. हेग या स्कॉटिश हौशी निरीक्षकानं ही युक्ती लोकांपुढे आणली. एका कडेला बिजागरी, दुसऱ्या बाजूला एम-६ चा बोल्ट. त्याचे आटे १ मिमी अंतरावर असतात. बिजागरीच्या मध्यापासून बोल्टपर्यंत २२८.५ मिमी धरले आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवला, की वरची फळी आणि तिच्यावरचा कॅमेरा ताऱ्यांच्याच वेगानं वळतो. मोटर नसली तरी चालतं: घड्याळावर नजर ठेवून दर १५ सेकंदांना पाव फेरा. बोल्ट सरळ असल्यामुळे वेगात पडणारा फरक ५० मिमी लेन्सला पहिली वीस मिनिटं जाणवत नाही.

आपल्या गावाचा इथं मोठा फायदा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत ओळखीचा टर्नर असेल तर सोन्याहून पिवळं. बिजागरीत जरासुद्धा खेळ नको आणि नट फळीत काटकोनात बसायला हवा, एवढं त्याला नीट समजावा. फळीचे परदेशी आराखडे मात्र जसेच्या तसे उचलू नका. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो; तिकडे तो ४०-५० अंश वर असतो, आपल्याकडे १६, म्हणजे जवळपास आडवाच. सुताराकडून लाकडी पाचर करून घ्या: १० सेंमी लांबीला सुमारे २.९ सेंमी उंची. निपाणी-अथणीकडे कोन जेमतेम अर्धा-पाऊण अंश वाढतो, तेवढं तिपाईवर जुळवता येतं.

बिजागरीच्या रेषेतून ध्रुवतारा दिसला की झालं. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे, पण ५० मिमी लेन्स आणि दहा मिनिटांत त्यामुळे तारा फार तर मिलिमीटरचा चाळिसावा भाग ओढला जातो. १३५ मिमी लावायच्या वेळी मात्र ही सवलत नाही.

खरी अडचण ध्रुव दिसण्याचीच आहे. राजहंसगडावरून तो नेमका शहराच्या उजेडावर येतो. जांबोटी-कणकुंबीकडे अंधार झकास, पण १६ अंशांवरचा तारा झाडीत हरवतो. उत्तर मोकळी असलेलं ओळखीचं शेत किंवा माळ शोधा. भीमगडच्या जंगलात रात्री शिरायचा विचारही करू नका. परवानगी नाही, आणि अस्वलं आहेत.

एवढी खटपट कशासाठी? दक्षिणेसाठी. आकाशगंगेचं केंद्र इथून ४५ अंश वर येतं, आणि चैत्र-वैशाखात त्रिशंकूसुद्धा १४ अंशांवर उभा दिसतो. एफ/२.८ वर दहा-पंधरा मिनिटांत धनु राशीतले ताऱ्यांचे ढग आणि त्यातला ‘लगून’ तेजोमेघाचा (वायूच्या चमकत्या ढगाचा) लाल ठिपका फिल्मवर उतरतो.

दवाचा त्रास दोन्हीकडे, पण माग काढताना एक सोय आहे. मध्येच लेन्सवर टोपी धरून टॉर्च तिरपी मारावी, काच पुसावी आणि पुढे चालू ठेवावं; फोटोत काही दिसत नाही. रेघांच्या वेळी हेच केलं तर प्रत्येक रेघ मध्ये तुटते.

आता रोल

रेघांना कोडॅक गोल्ड २०० पुरेसा. मागाला कोडॅकचा एक्टाक्रोम ई-१०० हा स्लाइडचा रोल, जो २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आला. लांब एक्स्पोजरला तो टिकून राहतो आणि तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाशही पकडतो. फुजीचा अ‍ॅक्रॉस-२ कृष्णधवल आहे, त्याला दोन मिनिटांपर्यंत रेसिप्रॉसिटीची भरपाई म्हणून जादा वेळ द्यावा लागत नाही, पण नेमका तो लाल त्याला दिसत नाही. ताऱ्यांच्या ढगांना उत्तम, तेजोमेघांना निरुपयोगी. अ‍ॅक्रॉस घरी डी-७६ मध्ये धुता येतो, फक्त उन्हाळ्यात २० अंशांवर आणायला बर्फ लागतो.

ई-१०० महाग आणि त्याची ई-६ धुलाई (स्लाइडची खास रसायनं) करणाऱ्या लॅब मोजक्याच. मुंबई-बेंगळुरूला कुरिअर करण्याआधी फोन करून विचारा. काही जण स्लाइड निगेटिव्हच्या रसायनात घालतात, मग रंग भलतेच येतात. वर्षाकाठी हातात मोजक्याच अवसेच्या रात्री असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: पहिला रोल गोल्ड आणि सगळा रेघांचा. ध्रुव दिसणारी जागा आणि ई-६ची लॅब या दोन्ही हाताशी आल्याशिवाय फळी करायला टाकू नका.

रोल कुठलाही असो, पहिली फ्रेम दिवसाउजेडी घराची घ्या. काळ्या आकाशात फ्रेम कुठं सुरू होते ते लॅबवाल्याला कळत नाही आणि कात्री आकाशगंगेच्या मधून जाते. पाकिटावर ठळक लिहा: ‘रोल कापू नये, स्कॅन करताना आकाश उजळ करू नये.’