इम्प्लांट ‘स्विस’, ड्रायव्हर भलताच

सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत दंततपासणी शिबिर, आणि फलकावर ठळक अक्षरांत ‘स्विस इम्प्लांट फक्त १५,०००, आजीवन वॉरंटी’. पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या तीन दाढा गेलेल्या होत्या: खालच्या उजवीकडच्या पहिल्या दोन आणि वरची डावीकडची पहिली. तीन पंधरे पंचेचाळीस, असा हिशेब धरून त्या इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे कृत्रिम दात, लावून घ्यायला दवाखान्यात गेल्या. शेवटी भरले १,१४,००० रुपये. वर्षाच्या आत खालची एक कॅप, म्हणजे वर दिसणारा दात, हलू लागली, तोवर दवाखान्याच्या शटरला कुलूप लागलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी कॅपच्या मधलं फिलिंग काढून आतला स्क्रू आवळायला घेतला, तर त्या स्विस कंपनीचा चांदणीच्या आकाराचा ड्रायव्हर त्यात बसेना. १.२५ मिलिमीटरचा साधा षटकोनी ड्रायव्हर मात्र सहज बसला.

एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. फिक्स्चर, म्हणजे हाडातला स्क्रू, एका कंपनीचं आणि वरचा जोड दुसऱ्याच कंपनीचा, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. म्हणून छोटा एक्स-रे काढला. हाडातल्या स्क्रूची मान, आट्यांचा आकार, आतल्या जोडाचा उतार यांपैकी काहीच सांगितलेल्या कंपनीशी जुळलं नाही. इम्प्लांट वाईट होतं असं नाही. हाडात ते घट्ट होतं, आणि स्वस्तातली कोरियन किंवा इस्रायली इम्प्लांटं नीट बसवली तर वर्षानुवर्षं टिकतात. पण पैसे एका मालाचे घेतले आणि तोंडात बसवला दुसराच.

आधी ते पंधरा हजार कशाचे होते ते पाहू. इम्प्लांटचा दात म्हणजे एक वस्तू नव्हे. हाडात जातं ते टायटॅनियमचं फिक्स्चर. हिरडी भरून येईपर्यंत त्यावर हीलिंग कॅप. नंतर ती काढून अबटमेंट, म्हणजे दाताचा खुंट. तो फिक्स्चरला धरून ठेवणारा बारीक स्क्रू. आणि सगळ्यात वर झिरकोनिया किंवा धातू-सिरॅमिकची कॅप. फलकावरचा भाव फक्त फिक्स्चरचा होता. पुढे प्रत्येक दातामागे अबटमेंटचे ६,०००, हीलिंग कॅपचे २,०००, वरच्या कॅपचे ९,०००, आणि ‘हाड कमी आहे’ म्हणून हाड भरून काढणाऱ्या बोन पावडरचे एकूण १८,००० असे लागत गेले. यातलं बरंचसं कळलं ते फिक्स्चर हाडात गेल्यावर, आणि त्या टप्प्यावर कोण मागे फिरणार? सुरुवातीलाच एकूण १,१४,००० सांगितले असते तर बाईंनी आणखी दोन ठिकाणी विचारलं असतं. ते होऊ नये यासाठीच भाव तुकड्यातुकड्यानं सांगतात. विचारायचं ते असं: ‘पहिल्या तपासणीपासून वरचा दात बसून मी चावायला लागेपर्यंत, एका दाताचे सगळे मिळून किती?’ उत्तर लेटरहेडवर, कंपनी आणि मॉडेलच्या नावासकट घ्यायचं. पंधरा हजारांत स्विस फिक्स्चर, त्याच कंपनीचं अबटमेंट आणि वर झिरकोनिया, हे गणित बसतच नाही.

आता स्टिकर. प्रत्येक फिक्स्चर निर्जंतुक सीलबंद डबीत येतं. डबीवर कंपनीचं नाव, मॉडेल, व्यास आणि लांबी, लॉट नंबर, वापराची मुदत हे सगळं छापलेलं असतं. बहुतेक कंपन्या सोबत सोलून काढता येणारी जादा स्टिकरं देतात, ती पेशंटच्या फाइलला आणि कार्डावर चिकटवण्यासाठीच. भारतात वैद्यकीय उपकरणांना २०१७ ची नियमावली लागू आहे, त्यामुळे आयात मालाच्या लेबलवर आयात परवान्याचा नंबरही असायला हवा. डबी आपल्यासमोर फोडायला सांगावी, फोडण्याआधी तिचा फोटो काढावा आणि स्टिकर लागलेलं कार्ड घेऊनच घरी जावं. भीड बाळगायचं कारण नाही, चांगले डॉक्टर न मागता देतात. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ किंवा ‘नंतर व्हॉट्सअॅप करतो’ हे उत्तर आलं, तर खुर्चीवर बसायच्या आधीच आल्या पावली परतावं. या बाईंना मिळालं होतं ते दवाखान्यानं स्वतः छापलेलं गुळगुळीत ‘वॉरंटी कार्ड’, त्यावर लॉट नंबरची जागाच नव्हती.

स्टिकरची गरज तक्रारीपुरती नाही. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तुम्ही तेव्हा नागपूरला किंवा न्यू जर्सीला असाल, तर तिथल्या डॉक्टरला कोणता ड्रायव्हर आणि कोणता सुटा भाग मागवायचा हे त्यावरूनच कळतं.

बोन पावडरलाही हाच नियम. ती ०.२५ किंवा ०.५ ग्रॅमच्या कुपीत येते आणि कुपीलाही लेबल असतं. किती कुप्या वापरल्या, वर मेम्ब्रेन (पावडर झाकणारा पातळ पडदा) घातलं का, हे बिलात लिहून घ्यावं. न वापरलेल्या पावडरचे पैसे लावणं सगळ्यात सोपं, कारण टाके घातल्यावर पेशंटला काहीच दिसत नाही. पावडर कशाची हेही विचारावं: गाईच्या हाडाची, कृत्रिम, की मानवी हाडाची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत मानवी हाडाची पावडर तयार होते. ज्यांना गाईचं चालत नाही त्यांना हे आधी कळलंच पाहिजे, आणि बऱ्याच ठिकाणी कोणी सांगत नाही.

हाड कमी आहे हे ठरवलं कशावरून? शिबिरातल्या मोफत ओपीजीवरून, म्हणजे सगळ्या जबड्याच्या एका एक्स-रेवरून. ओपीजी सपाट चित्र असतं. त्यात मापं साधारण २० ते ३० टक्के मोठी दिसतात आणि हाडाची रुंदी तर कळतच नाही. खालच्या दाढांखालून ओठाची संवेदना नेणारी नस जाते, तिच्यापासून किमान २ मिलिमीटर अंतर राखायचं असतं. वर सायनसची पोकळी असते. या दोन्ही जागांसाठी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन हवाच, आणि त्याची डायकॉम, म्हणजे मूळ डिजिटल फाइल पेशंटकडे हवी, नुसता छापील कागद नव्हे. खालच्या जबड्याची भूल बहुधा काही तासांत उतरते. रात्रीपर्यंत ओठ-हनुवटी बधीरच राहिली तर त्याच रात्री डॉक्टरांना फोन करावा. नसेवर दाब असेल तर इम्प्लांट पहिल्या दीड-दोन दिवसांत मागे घेण्याला किंवा काढण्याला अर्थ असतो. ‘महिनाभर थांबा, येईल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये. या दवाखान्यानं साखरेचा एचबीए१सी रिपोर्टही मागितला नव्हता, आणि हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या-इंजेक्शनांबद्दल विचारलं नव्हतं. त्या औषधांवर असलेल्यांचं जबड्याचं हाड जखमेनंतर सडू शकतं.

कॅप हलली त्याचं कारण साधं होतं. अबटमेंटचा स्क्रू बहुतेक कंपन्यांत ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर जोरानं, टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) लावून आवळायचा असतो, आणि पाच-दहा मिनिटांनी त्याच जोरानं पुन्हा एकदा, कारण पहिल्या आवळण्यात धातू बसतो आणि ताण थोडा उतरतो. नुसत्या बोटांनी आवळला तर जेमतेम त्याच्या निम्मा जोर येतो. त्यात अबटमेंट कोणत्याही कंपनीचं नसलेलं, दात बनवणाऱ्या लॅबच्या साठ्यातलं. जोडात बारीक फट राहिली, स्क्रू सैल झाला, फटीत घाण साचून हिरडीतून रक्त येऊ लागलं. कॅप हलतेय हे वेळेवर कळलं नसतं तर स्क्रू आत तुटू शकला असता, आणि तुटका स्क्रू काढताना कधी कधी सगळं फिक्स्चरच गमवावं लागतं.

‘आजीवन वॉरंटी’ची गंमत अशी की ती कंपनी डॉक्टरला देते, पेशंटला नाही. इम्प्लांट निकामी झालं तर कंपनी डॉक्टरला बदली फिक्स्चर देते, तेही सगळे भाग अस्सल वापरले असतील तरच. पुन्हा शस्त्रक्रिया, नवी कॅप, बोन पावडर यांचा खर्च त्यात नसतो.

पैशांचा भाग सगळ्यात घातक ठरला. रिसेप्शनवरच्या मुलीनं टॅबवर ‘नो-कॉस्ट ईएमआय’चा फॉर्म भरला, ओटीपी विचारला आणि संपूर्ण रक्कम कर्ज देणाऱ्या कंपनीकडून त्याच दिवशी दवाखान्याच्या खात्यात गेली. काम व्हायचं होतं सहा महिन्यांत. दवाखाना बंद झाला तरी हप्ते चालूच, आणि ते चुकवले तर सिबिल खराब. ओटीपी देण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटींचा गोषवारा मागावा. डिजिटल कर्जातून ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं, ती मुदत त्यातच लिहिलेली असते. शक्य तर कर्ज नकोच. फिक्स्चरचे पैसे बसवल्या दिवशी, स्टिकर हातात आल्यावर. अबटमेंट आणि कॅपचे ते तोंडात बसल्यावर. ‘पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी लागेल’ हीही थापच असते. गेलेला दात परत बसवणं हे उपचारात मोडतं आणि त्यावर जीएसटी नाही.

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशी जाहिरात करणाऱ्यांबद्दल थोडक्यात. ते लावतात ती बेसल, म्हणजे खोलवरच्या टणक हाडात धरणारी इम्प्लांट काही पेशंटसाठी योग्य असतात. पण पॅकेज बसवण्यासाठी चांगले दात उपटायला सांगत असतील, तर प्रत्येक दात का काढायचा याचं कारण दातागणिक लिहून मागावं आणि दुसऱ्या एमडीएस (दंतशास्त्रातली पदव्युत्तर पदवी असलेल्या) डॉक्टरला दाखवावं.

इम्प्लांट फसलं म्हणजे फसवणूकच झाली, असंही नाही. उत्तम हातांनीही शंभरातली काही हाडात धरत नाहीत, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे प्रमाण वाढतं. तक्रार करायची ती सांगितलं एक, लावलं दुसरं याची. नोंदी न देण्याची. संमती न घेता खर्च वाढवल्याची.

त्यासाठी आधी फाइलची प्रत लेखी मागावी आणि अर्जावर पोच घ्यावी, शटर बंद असेल तर डॉक्टरांच्या नोंदणीकृत पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं. डॉक्टरांच्या गैरवर्तनाची तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे जाते. पैसे परत हवेत तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि वकील सक्तीचा नाही. चौकशीसाठी हेल्पलाइन १९१५. बहुतेकदा तज्ज्ञाचं मत लागतं, त्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं किंवा मुंबईचं नायर दंत महाविद्यालय गाठावं. दुसऱ्या डॉक्टरांनी काही दुरुस्त करण्याआधी एक्स-रे आणि फोटो काढून घ्यावेत. कॅप, स्क्रू किंवा सगळं फिक्स्चर निघून आलं तर ते ‘आम्ही कंपनीला पाठवतो’ म्हणणाऱ्या जुन्या दवाखान्याच्या हाती देऊ नये. धुवून, कोरडं करून, तारीख लिहिलेल्या बाटलीत आपल्याकडेच ठेवावं, आणि आयोगापुढे हजर करताना त्याचीही पोच घ्यावी.