महोत्सवाचा मुक्काम: तयार तंबू की स्वतःचा?

शिवसागर जलाशयाकाठी, तापोळा-बामणोली भागात तंबूत राहून संगीत महोत्सव ऐकायचा असेल, तर आयोजकांचा तयार तंबू घ्यावा की स्वतःचा न्यावा, हे आधी ठरवावे लागते. तयार तंबूमुळे ओझे वाचते, मात्र जागा निवडता येत नाही. तो मंचालगत मिळाला, तर कानांची काळजी घ्यावीच लागते. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, 100 डेसिबलला ती मर्यादा जेमतेम 15 मिनिटांवर येते, म्हणून कापसाऐवजी फोमचे बोळे वापरावेत.

स्वतःचा तंबू काठापासून दूर, उंचवट्यावर ठोकता येतो. हिवाळ्यात पहाटे दव पडते आणि बाहेरचे आच्छादन आतल्या कापडाला टेकले, तर अंथरूण ओले होते. दोऱ्या ताणून दोहोंत चार बोटे अंतर ठेवले की हे टळते. थंडी कितीही असो, कोणत्याही तंबूत शेगडी पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

लहान मुले सोबत असतील, तर तयार तंबू सोयीचा. एरवी माझा कौल स्वतःच्या तंबूलाच आहे, मात्र तो दिवसाउजेडी उभारावा आणि वाहनापर्यंतची वाट तेव्हाच पाहून ठेवावी.