शर्यत मोफत वाहिनीवर पाहावी की पैसे भरून?

वर्गणी भरायच्या आधी एक गोष्ट माहीत असू द्या: दोन्हीकडे दिसणारी शर्यत बहुतेक वेळा एकच असते. फॉर्म्युला वनचं मूळ चित्रण आयोजकांची स्वतःची यंत्रणा करते आणि तेच चित्र देशोदेशीच्या वाहिन्यांना जातं. कोणत्या वळणावरचा कॅमेरा लावायचा, रिप्ले कधी दाखवायचा, हे मोफत वाहिनी ठरवत नाही आणि पैसे घेणारीही सहसा ठरवत नाही. त्यामुळे ‘पैसे भरले की शर्यत चांगली दिसते’ या समजुतीवर निर्णय घेऊ नका. फरक पडतो तो त्या चित्राच्या आजूबाजूला.

सगळ्यात पहिला फरक जाहिरातींचा, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. फुटबॉलला मध्यंतर असतं, क्रिकेटला षटक संपतं. मोटार शर्यतीला असा थांबाच नाही. टायर बदलायला गाडी दोन-तीन सेकंद उभी राहते, आणि तेवढ्यात पुढचा मागे आणि मागचा पुढे होतो. तुम्ही जाहिरातीवरून परत येता तेव्हा क्रमवारी बदललेली असते आणि का बदलली ते कळत नाही. २००५ साली इटलीतल्या इमोलाच्या फॉर्म्युला वन शर्यतीत शेवटच्या फेऱ्यांमध्ये ड्रायव्हर शूमाखर आघाडीवरच्या अलोन्सोच्या मागे अक्षरशः चिकटून धावत होता. ब्रिटनमधल्या आयटीव्हीने नेमक्या त्या वेळी जाहिराती लावल्या. प्रेक्षक खवळले, वाहिनीला माफी मागावी लागली.

पण ‘मोफत म्हणजे जाहिराती’ हे समीकरणही पूर्ण खरं नाही. ब्रिटनची बीबीसी टीव्ही पाहणाऱ्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर चालते, त्यामुळे १९७८पासून १९९६पर्यंत आणि पुन्हा २००९पासून तिथे शर्यत सलग दिसायची. चॅनल फोर ही तिथलीच मोफत पण जाहिरातींवर चालणारी वाहिनी, तरी २०१६मध्ये थेट शर्यती दाखवायला घेतल्या तेव्हा शर्यतीत जाहिराती न लावण्याचं तिने ठरवलं. अमेरिकेत इंडीकार या तिथल्या शर्यत मालिकेच्या प्रक्षेपणात २००५पासून मधला मार्ग निघाला: पडद्याच्या एका भागात जाहिरात, दुसऱ्या भागात धावत्या गाड्या. आवाज जातो, पण ओव्हरटेक तरी हुकत नाही. म्हणून तुमची मोफत वाहिनी कोणत्या प्रकारची आहे ते आधी एका शर्यतीत तपासा. अर्ध्या तासात कळेल.

दुसरा फरक बोलणाऱ्या माणसाचा. मोफत वाहिनीच्या समालोचकाला माहीत असतं की समोर बसलेल्यांपैकी कित्येक जण आजच पहिल्यांदा शर्यत बघताहेत. ‘अंडरकट’ म्हणजे पुढच्या ड्रायव्हरआधी पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, जाऊन, ताज्या टायरवर वेगाने फेरी मारून त्याला गाठणं, हे तो दर वेळी सांगतो. वर्षानुवर्षं बघणाऱ्याला याचा कंटाळा येतो, हे मान्य. पण उत्तम समालोचन दोघांनाही धरून ठेवतं. बीबीसीवर मरे वॉकर आणि १९७६चा विश्वविजेता जेम्स हंट १९८०पासून १९९३पर्यंत एकत्र बोलायचे. वॉकरच्या आवाजात शर्यतीचा सगळा थरार असायचा. हंट शांतपणे, मोजक्या शब्दांत ड्रायव्हरची चूक दाखवायचा. नव्या माणसाला वॉकर खेचून आणायचा आणि जाणकाराला हंट बसवून ठेवायचा. ही जोडी मोफत वाहिनीवर घडली.

आता पैसे भरणाऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण तिथेही खरं मोल आहे. पहिला फायदा शनिवारचा. क्वालिफाइंग (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणारं सत्र), सराव सत्रं, फॉर्म्युला टू आणि थ्री या खालच्या श्रेणीच्या शर्यती, सगळं थेट मिळतं. मोफत वाहिन्यांकडे हे सहसा तुटक असतं. दुसरा फायदा माहितीचा. २०१८मध्ये सुरू झालेल्या एफ-वन टीव्हीसारख्या सेवेत हव्या त्या ड्रायव्हरचा ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरचा, कॅमेरा लावता येतो, टीम रेडिओ म्हणजे ड्रायव्हर आणि संघाचं बोलणं ऐकता येतं, प्रत्येक सेक्टरची (ट्रॅकच्या भागाची) वेळ समोर ठेवता येते. आघाडीचा ड्रायव्हर वीस सेकंद पुढे निघून गेला की मुख्य चित्रात कंटाळा येऊ शकतो, पण आठव्या-नवव्या क्रमांकावर तेव्हा जीव तोडून झुंज चालू असते. ती पाहायची सवय लागली की परत फिरणं कठीण. हा प्रयोग नवा नाही. तेव्हा फॉर्म्युला वनचा कारभार पाहणारे बर्नी एक्लस्टन यांनी १९९६मध्येच अनेक चित्रं एकाच वेळी देणारी सशुल्क डिजिटल सेवा काढली होती. पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत आणि २००२च्या हंगामानंतर ती बंद झाली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज ऑनबोर्ड चित्रासाठी पैसे घेतले जातात, पण १९७९मध्ये बाथर्स्टच्या शर्यतीत धावत्या गाडीच्या आतून थेट चित्र दाखवणारा रेसकॅम नावाचा कॅमेरा आणला तो ऑस्ट्रेलियाच्या मोफत चॅनल सेव्हनने. त्याच वर्षी अमेरिकेत सीबीएस वाहिनीने डेटोना ५०० ही स्टॉक कारची (साध्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची) शर्यत पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत देशभर थेट दाखवली. पूर्वेकडे हिमवादळ होतं, माणसं घरात अडकली होती. शेवटच्या फेरीत आघाडीचे दोघे, केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन, एकमेकांवर आदळले, मागून येऊन रिचर्ड पेटी जिंकला आणि मैदानात हाणामारी झाली. स्टॉक कार शर्यतीशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनी ते पाहिलं आणि पुढेही पाहत राहिले. पैसे घेणाऱ्या वाहिनीवर असा चुकून आलेला प्रेक्षक मिळतच नाही. मी स्वतः शर्यतींकडे वळलो तो सहज चॅनल बदलता बदलता. घरात मुलं असतील तर या मुद्द्याला माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा जास्त वजन आहे.

तिसरा पर्याय लोक विसरतात: मोफत वाहिनीवर काही तासांनी येणारी क्षणचित्रं. ब्रिटनमध्ये २०१९पासून सिल्व्हरस्टोनची घरची शर्यत सोडली तर मोफत प्रेक्षकाला बहुतेक हेच मिळतं. साध्या, कोरड्या रविवारी तासाभराचं संकलन पुरेसं होतं, कधी कधी पूर्ण शर्यतीपेक्षा रंगतदारही. पण पाऊस आला की ते तोकडं पडतं. २०११ची कॅनडाची शर्यत ४ तास ४ मिनिटं चालली, त्यात मोठा वेळ पावसामुळे थांबण्यात गेला. जेन्सन बटन एका टप्प्यावर सगळ्यात शेवटी होता आणि शेवटच्या फेरीत फेटेलची चूक होताच पुढे निघून जिंकला. त्या थांबण्यासकट पाहिलं तरच तो विजय केवढा होता ते कळतं. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीचं तर बोलायलाच नको. रात्र, धुकं, पहाटेची थकलेली यंत्रं हे तासाभरात मावत नाही.

आणखी एक, छोटंसं. इंटरनेटवरून येणारं चित्र अँटेनावरच्या प्रक्षेपणापेक्षा सहसा मागे असतं. मित्राचा संदेश आधी येतो आणि अपघात नंतर दिसतो. फोन बाजूला ठेवायची तयारी असेल तर प्रश्न नाही.

निर्णय घेताना हंगामाचं वेळापत्रक समोर घ्या आणि मोफत थेट दिसणाऱ्या शर्यतींवर खूण करा. ऑस्ट्रियात २०२१पासून ओआरएफ आणि सर्वुस टीव्ही यांनी शर्यती वाटून घेतल्या. तिथल्या माणसाला दोन मोफत वाहिन्यांमध्ये पूर्ण हंगाम मिळू लागला, त्याने केवळ शर्यतीसाठी पैसे भरायची गरज नाही. जर्मनीत आरटीएलने १९९१पासून २०२०पर्यंत शर्यती मोफत दाखवल्या, मग हक्क गेले, आणि २०२३मध्ये फक्त सात शर्यती परत आल्या. ऑस्ट्रेलियात घरची ग्रां प्री (फॉर्म्युला वनची शर्यत) आणि बाथर्स्ट मोफत वाहिन्यांसाठी राखण्याच्या सरकारी यादीत आहेत. करार असे बदलत राहतात, म्हणून दोन-तीन वर्षांची वर्गणी एकदम भरणं मला पटत नाही. २०२१च्या अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीत विजेतेपदाचे दावेदार हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन समान गुणांवर उतरले तेव्हा ब्रिटनमध्ये हक्क असलेल्या सशुल्क स्काय वाहिनीने ती शर्यत चॅनल फोरलाही थेट दाखवू दिली. वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत मोफत दिसली.

मन अजूनही दोलायमान असेल तर एका महिन्याची वर्गणी घ्या, शक्यतो त्या महिन्यात दोन-तीन शर्यती असतील असा बेत करून. ऑनबोर्ड कॅमेरा किती वेळा लावला, शनिवारचं क्वालिफाइंग खरोखर बसून पाहिलं का, याची नोंद ठेवा. रविवारी फक्त मुख्य चित्रच लावून बसला असाल, तर पुढच्या महिन्याचे पैसे वाचवा.